मोतीराम खरात यांना पळवून नेल्याबाबत

मी, करुणा मोतीराम खरात, वय ५७ वर्षे, व्यवसाय शिलाई, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर. माझे पती मोतीराम, निवृत्त एसटी चालक, यांनी 'बायकोने मला अॅम्ब्युलन्सवाल्यांकरवी पळवून नेले' असा अर्ज दवाखान्यातून पाठवल्यावरून मला पोलीस ठाण्यात बोलावण्यात आले. विचारल्यावरून समक्ष सांगते की,

गेल्या मंगळवारी दुपारी जेवणानंतर पती पंख्याखाली बसलेले असताना त्यांना दरदरून घाम सुटला. छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते, असे ते म्हणाले. "गॅस झालाय, सोडा आण," असेही म्हणाले. मी सोडा न आणता १०८ ला फोन लावला.

फोनवर एक मुलगी होती. तिने वय, पत्ता, शुद्धीवर आहेत का, श्वास कसा चाललाय, असे विचारायला सुरुवात केली. मी म्हणाले, "बाई, चौकशा नंतर कर, आधी गाडी पाठव." ती म्हणाली, "काकू, गाडी निघालीय. मी विचारते म्हणून ती थांबत नाही. कळ हातात जाते का?"

मी पतींना विचारले. ते ओरडले, "नाय! सांग तिला... लई गरजू लोक... पडलेत. गाडी... त्यांना द्या."

मला वाटले, आता ही मुलगी गाडी माघारी बोलावणार. मुलगी म्हणाली, "काकू, काकांना एका दमात बोलता येत नाहीय. त्यांचाच नंबर आधी. त्यांना चालू देऊ नका."

त्यावर पती "मला काय धाड भरलीय? टपरीवर जाऊन दाखवतो," असे म्हणून पँट शोधू लागले. मी पँट कपाटात कोंडून किल्ली ब्लाउजमध्ये ठेवली. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर ते बाहेर पडत नाहीत. एवढी गोष्ट अर्जात खरी लिहिली आहे.

गाडीसोबतच्या डॉक्टरांनी वायरी लावून मशीनमधली पट्टी काढली. पती त्यांना एसटीतले विनोद सांगत होते. पट्टी बघून डॉक्टर हसायचे थांबले व पतींच्या कानाशी काही बोलले. त्यानंतर पती आपणहून स्ट्रेचरवर आडवे झाले. त्यांचा हात कोणी धरला नाही. माझा हात त्यांनीच धरला.

वाटेत त्यांनी ऑक्सिजनचा मास्क दोनदा काढला. एकदा ड्रायव्हरला "क्रांती चौकातून नको, मागून घे" म्हणायला व एकदा "क्लच सोड की" म्हणायला. पळवून नेणाऱ्यांना रस्ता ते स्वतःच सांगत होते.

त्याच दिवशी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवली. तोवर मी बाहेर बाकावर बसले होते. त्या वेळचे काही सांगायचे नाही.

मी पतींना न विचारता फोन लावला, हे कबूल आहे. विचारले असते तर सोडा आणावा लागला असता.

हवालदारांनी हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. फक्त शेवटी त्यांनी 'पतीविरुद्ध माझी काही तक्रार नाही' असे आपल्या मनाने लिहिले होते, ते मी खोडायला लावले. तक्रार आहे. ती ते घरी आल्यावर त्यांनाच सांगीन.