दिपालीच्या कानातलं मशीन

संकेश्वरच्या बसस्टँडवर राजाबाई नावाची एक आजी आठ वर्षांच्या नातीला घेऊन माझ्या शेजारी बसली होती. तिच्या गावचे बाळगोंडा अण्णा भेटले आणि गप्पा सुरू झाल्या.

“राजाबाई, औंदा मी त्या ट्रस्टला देणगी देणार न्हाय. नुसते हार आन् फोटो. पोरांचं भलं हुतंय का न्हाय, कुणाला ठावं?”

“अण्णा, आमच्या दिपालीला कानातलं मशीन त्यांनीच दिलंय की.”

“व्हय? मग ऐकू येतंय?”

“लई येतंय. पयल्याच दिवशी आजोबाचं घोरणं ऐकून अंगणात पळाली.”

“आन् बोलती का?”

“ट्रस्टची बाई वरीसभर घरी येऊन शिकवत हुती. आता गप बस म्हटलं तरी बसत न्हाय. मला सुनंबद्दल कुणापाशी बोलायची चोरी झालीया. लगेच जाऊन सांगती.”

“म्हंजे घरातली शांतता गेली म्हणा.”

“गेली, बरं झालं. लई वर्सं शांतता हुती अण्णा. नकोशी झालती.”

“पोरी, मी कोण सांग बघू.”

“बाळगोंडा अण्णा. देणगी देणार न्हाय म्हणालासा.”

“आगं, ते बी ऐकलीस?”

“सगळं ऐकलं.”

“एकाच कानावर चाललंय हे, अण्णा. दुसऱ्या कानाचं मशीन अजून यायचंय.”

“मग देणगी देतो, राजाबाई. पण ते बसवायच्या आदी मला सांगा. मी चार दिवस सदलग्याला भणीकडं जाऊन ऱ्हातो.”