डाव्या खांबाजवळची रेघ

—नाही मॅडम, ते वाक्य आधी खोडा. 'मैदानावरील एक कर्मचारी' म्हणजे काय? कर्मचारी काय, पंचवीस होते—गेटवरचा, पाण्याच्या टाकीवरचा, खुर्च्या मांडणारे. मैदान आखणारा एकच होता, आणि तो मी. तसंच लिहा, 'मैदान आखणारा'. बसा की. त्या स्टुलावर बसा, तो डुगडुगतो पण पाडत नाही कुणाला. त्या जाळ्या सारा बाजूला, आणि ओढणी सांभाळा, या खोलीत सगळ्यालाच फक्की लागलेली असते—फक्की म्हणजे ही, पोत्यातली पांढरी पावडर, हिच्यानंच रेघा मारतात. उद्या फायनल, साठाव्या वर्षाची. निवृत्त होऊन मला बारा वर्षं झाली, पण फायनल आली की यांना माझी आठवण होते. नव्या लोकांना यंत्र दिलंय, चाकाचं, ढकललं की रेघ पडते. ढकला म्हणावं. फायनलची रेघ मी अजून दोरीवरच मारतो.

इतिहास हवाय ना तुम्हाला? मग नीट ऐका, कारण तुमच्या त्या पुस्तकात नुसते आकडे आहेत—अमुक साली अमुक विद्यापीठानं तमुक विद्यापीठाला हरवलं. त्यात मजा काय? पहिल्या वर्षी आठच विद्यापीठं होती. पोरं आपापल्या वळकट्या घेऊन यायची, परीक्षेच्या हॉलमध्ये बाकं सरकवून झोपायची. तो चांदीचा कप बघितलाय तुम्ही? त्याच्या दोन्ही कानांवर वल्ही आहेत. फुटबॉलच्या कपावर वल्ही कशाला—तर तो होड्यांच्या शर्यतीचा कप, कुठल्याशा क्लबाच्या माळ्यावर पडला होता, पहिल्या सेक्रेटरीनं तो मागून आणला आणि घासूनपुसून दिला. साठ वर्षं देशभरातली पोरं त्या वल्ह्यांसाठी गुडघे फोडून घेताहेत. हे लिहिलंय का? नाही ना. सातव्या वर्षी फायनल तीनदा खेळली, तिन्हीदा बरोबरी, शेवटी परीक्षा आल्या म्हणून कप सहा-सहा महिने वाटून घेतला. दहाव्या वर्षी स्पर्धाच नाही, प्राध्यापक संपावर. अकराव्या वर्षी मी आलो. एकवीस वर्षांचा होतो. माझ्या आधी जो आखायचा त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे, त्यानं मला हे काम शिकवलं. म्हणजे शिकवलं काय—शिव्या दिल्या, त्यातून मी शिकलो.

मिस्त्रीची एक रीत होती. रेघ मारून झाली की गोलच्या मागं जायचं, जमिनीवर पालथं पडायचं, हनुवटी मातीला टेकवायची, एक डोळा मिटायचा आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत बघायचं. उभ्यानं सगळ्याच रेघा सरळ दिसतात, म्हणायचा. ती गोललाइन असते ना, खांबांच्या मधली, तिची मागची कड खांबाच्या पाठीशी जुळायला हवी. खांब जेवढा जाड, तेवढीच रेघ रुंद. पुढं नाही, मागं नाही. कारण अख्खा बॉल त्या रेघेच्या पलीकडं गेला तर गोल, सूतभर अलीकडं राहिला तर नाही. म्हणजे बघा, बावीस माणसं नव्वद मिनिटं धावतात, आणि निकाल कशावर? मी सकाळी जे आखलं त्यावर. आणि सांगून ठेवतो, पन्नास वर्षांत माझ्या रेघेला कुणी नाव ठेवलेलं नाही. कमिटीनं फुटपट्टी लावून मोजलंय. लेखी आहे ते.

हो, त्याच वर्षी. पंचविसाव्या. मला ठाऊक होतं तुम्ही तिथंच येणार. सगळे फिरून तिथंच येतात.

त्यात विचारण्यासारखं काय आहे? बंदराचं विद्यापीठ आणि डोंगराकडचं विद्यापीठ. बंदरवाल्यांनी तोवर नऊ वेळा कप नेला होता. डोंगरवाले पहिल्यांदाच फायनलला आलेले, निम्म्यांचे बूट उसने. त्यांचा कीपर तेवढा खरा—शिडी म्हणायचे त्याला, इतका उंच. वर्षभरात एका मॅचमध्ये कुणी त्याच्यावर दोन गोल केले नव्हते. देशाच्या संघासाठी निवडणारे खास त्याला बघायला येऊन बसलेले. आणि शेवटच्या पाच मिनिटांत, शून्य-शून्य असताना, डाव्या खांबापाशी बॉल आला, शिडीनं झेप घेतली, छातीखाली दाबला—आणि लाइन्समनचं निशाण वर. बॉल रेघेच्या पलीकडं. गोल. एक-शून्य. संपलं. तुमच्या पुस्तकात लिहिलंय तेच—'गोलरक्षकाच्या अक्षम्य चुकीमुळे'. बरोबर?

तर डोंगरवाल्यांनी तक्रार केली, रेघच वाकडी म्हणाले. हरलेल्याला अंगण वाकडं दिसणारच. कमिटी म्हणाली, उद्या सकाळी नऊला मोजू. मोजली. सूतभर चूक नाही. साहेब लोकांनी माझी पाठ थोपटली. मी साडेपाचपासून राबत होतो, कुणी चहा विचारला नाही, पण पाठ थोपटली.

कशाला म्हणजे? रोजच येतो मी लवकर.

गेटला कुलूप होतं? किल्ली कमिटीकडं? असेल. लिहिलं असेल त्या रिपोर्टात. कुलूप गेटला होतं मॅडम, मागच्या कुंपणाला नव्हतं. तिथं एक तार सुटलेली होती, ती माझ्याशिवाय—

असं बघू नका माझ्याकडं. मी काय चोर आहे? ते मैदान माझं आहे. सेक्रेटरी सतरा बदलले, कुलगुरू किती आले नि गेले, मी होतो. माझ्या मैदानात यायला मला कुणाची किल्ली लागत नाही.

बरं, ऐकायचंच आहे ना? ऐका. मी काही लपवत नाही, कुणाच्या बापाला घाबरत नाही. रौप्यमहोत्सव होता तो. सगळं नवं कोरं. जुने लाकडी खांब काढून आदल्या दिवशी लोखंडी पाइप उभे केले. लाकडी खांबांना मागच्या अंगाला मिस्त्रीनं एकेक खिळा मारलेला, दोरी तिथं बांधायची, चुकायचा प्रश्नच नाही. पाइपला खिळा कुठून येणार? मी दोरी पाइपाला गुंडाळली, गाठ मारली, ताणली. उजवीकडं दोरी पाइपाच्या मागून आली. डावीकडं पुढून. झालं. पाइपाची अख्खी जाडी—चार बोटं. उजवीकडून सुरू झालेली रेघ डाव्या खांबापाशी चार बोटं मैदानात सरकलेली. म्हणजे तिथं बॉल चार बोटं अलीकडं असतानाच गोल. उभ्यानं बघाल तर तुम्हाला काय, पंचालाही कळायचं नाही. पालथं पडून बघितलं असतं तर आंधळ्यालाही कळलं असतं.

नाही पडलो पालथा.

का म्हणजे... पांढरा होता. युनिफॉर्म. रौप्यमहोत्सवाचा, कमिटीनं शिवून दिलेला—पांढरी पँट, पांढरा शर्ट, खिशावर निळ्या दोऱ्यानं स्पर्धेचं नाव. चौदा वर्षं खाकी चड्डीत काम केलं, पहिल्यांदा कुणीतरी मापं घेऊन कपडे शिवले मला. बायको पोरांना घेऊन बघायला येणार होती. धाकटी तर जाळीच्या मागंच खेळत होती, 'बाबा कसे साहेब दिसतात' करत. मातीत कुठं लोळू? म्हटलं, चौदा वर्षं मारतोय रेघ, आज काय चुकणार आहे. हसा, हसायचं तर. कपड्यापायी शेण खाल्लं मी, हे बायकोलाही नीट कधी सांगितलं नाही. तिला कळलं म्हणा. दुसऱ्या दिवशी धुवायला घेताना म्हणाली, काल एवढा जपलात, आणि आज गुडघ्याला, पोटाला फक्की, तुमच्या हनुवटीलासुद्धा? मी तिच्यावर खेकसलो. कधी खेकसायचो नाही.

हो, पुसली. झाडूनं झाडली, पाणी मारलं, कोरडी माती पसरली, परत आखली, आणि मग पालथा पडून बघितली—तो कोरा युनिफॉर्म घालूनच पडलो, जिद्दीनं. आणि सरळ आली. नऊला साहेबांनी जी मोजली ती तीच. त्यांनी कशी मोजली ठाऊक आहे? उभ्यानं.

पण हे काहीच नाही. आता एवढं काढलंच आहे तुम्ही माझ्या तोंडून, तर हेही ऐका, आणि खाली मान घालून लिहा, माझ्याकडं बघू नका. मॅच संपल्यावर संध्याकाळी सगळे गेले आणि शिडी एकटा डाव्या खांबापाशी गुडघे टेकून बसलेला. खांबाची पाठ आणि रेघेची कड यांच्या मधे त्यानं आपली बोटं ठेवली. चार बसली. मी बादली घेऊन उभा. रडत नव्हता हो. शांतपणे म्हणाला, "दादा, तुम्ही एकदा बघा. तुम्ही म्हणाल ते मला मान्य." एकवीस वर्षांचा पोरगा. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, माझी रेघ सूतभर हलत नाही. बॉल धरता येत नाही आणि रेघेला नावं ठेवतोस? ऊठ, चल, गेट बंद करायचंय. तो उठला. "चुकलं माझं," म्हणाला. मला म्हणाला, चुकलं माझं.

देशाच्या संघात घेतलं नाही त्याला. पुढं खेळलाच नाही. गणिताचा मास्तर झाला कुठल्याशा शाळेत. डोंगरवाले परत कधी फायनलला आले नाहीत, पस्तीस वर्षं झाली. त्याच्याच गावात त्याच्यावर खापर फोडलं लोकांनी, लग्नकार्यातसुद्धा टोमणे मारायचे म्हणतात. आणि तो दर वर्षी फायनलला येतो. तिकीट काढून. त्याच गोलच्या मागं बसतो, मला बघून हात वर करतो. मीही करतो. काय करणार, नाही करायचा?

माफी? कशाची माफी? मागणार नाही. चूक झाली, ती कुणाकडूनही होते, पाइप नवे होते, खिळा नव्हता. लिहा, रेघ वाकडी होती. लिहा, मी सांगितलं. पेन्शन बंद करताहेत का, करू देत. आणि ते 'अक्षम्य चूक' खोडा. माझ्यासमोर खोडा, पेनानं. दोनदा. हां.

मग आता लिहिता का नाही? कागद कसला काढताय? कुणाचं पत्र?

शिडीचं?

वाचा ना. चष्मा नाही माझ्याकडं, तुम्हीच वाचा.

...

परत वाचा ते. 'पहाटे मी कुंपणापाशी उभा होतो.' पुढं. 'ते रेघ पुसत होते.' हं. हं. 'कमिटीला सांगावंसं वाटलं, पण त्यांची मुलगी आदल्या दिवशी जाळीमागं खेळताना बघितली होती. नोकरी गेली असती.' आणि शेवटचं काय? 'ते स्वतःहून सांगतील तरच छापा, नाहीतर पुस्तकात आहे तसंच राहू दे.'

म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तासभर ठाऊक असून बसलात. आणि त्याला तर पस्तीस वर्षं. हात वर करत होता तो तिथून, सगळं ठाऊक असून.

कोणी सांगितलं होतं त्याला? मी पदर पसरला होता का त्याच्यापुढं? ओरडायचं होतं कुंपणावरून. बोंब मारायची होती. पोरांना घेऊन हमाली केली असती मी, मेलो नसतो. माझ्या पोरीसाठी आपला जन्म वाया घालवायला याला कुणी सांगितलं? पस्तीस वर्षं मी एवढंच धरून जगलो मॅडम, की मी त्याला फसवलं. वाईट होतं, पण माझं होतं. तेवढंसुद्धा ठेवलं नाही त्यानं माझ्याकडं.

नको, पाणी नको. तुम्ही उठा आता. काय लिहायचं ते लिहा, कुणाला विचारू नका. उठा म्हणतो ना. आणि जाताना दार ओढून घ्या.