बाजूला बसलेली विहीर

विहीर बाजूला बसलेली तुम्ही कुणी पाहिलीये? मी पाहिलीये.

स्वातंत्र्याच्या आधी मी पाथर्डीकडे नर्स होते. एका गावात पटकी आली. मी विहिरीत लाल औषध टाकलं आणि ऐटीत सांगितलं, "आता खुशाल प्या."

सकाळी विहिरीवर चिटपाखरू नाही! बाया ओढ्याच्या घाण डबक्यावर घागरी भरत होत्या. मी धावतच गाठलं त्यांना.

पुढे असलेली कोंडाबाई हळूच म्हणाली, "बाई, विहीर बाजूला बसलीया. पानी लाल झालंय, बगितलं न्हाई का? चार दिस शिवायची न्हाई."

"अहो, औषधाचा रंग आहे तो!"

"आसंल. पर शिवायची न्हाई."

घसा सुकेपर्यंत समजावलं. शेवटी इतकी चिडले, की उरलेलं औषध त्या डबक्यातच ओतलं. तेही लाल झालं.

"घ्या, आता हेही बसलं बाजूला! कोंडाबाई, घरातल्या साऱ्याच बायका एकदम बाजूला बसल्या, तर पाणी कोण भरतं हो?"

तिनं आधी आजूबाजूला कुणी पुरुष नाही ना, ते पाहिलं.

"आमीच भरतो की, बाई. निस्तं सांगत न्हाई."

आणि घागर उचलून ती विहिरीकडे चालू लागली.