उघडा ठेवलेला नळ

गोजरबाई: आठच्या आठ काढायचे?

मच्छिंद्र: सुनीलचा फोन तसाच होता, मावशी. जुने पितळी नळ सगळे काढा, नवे बसवा. भाडेकरू बँकेतला माणूस हाय म्हणे. पहिल्या तारखेला येतोय राहायला.

गोजरबाई: बँकेतल्या माणसाला पितळी नळाचं पाणी घशाखाली उतरत न्हाई का?

मच्छिंद्र: उतरतं की. पण चावी पिळताना त्याचं मनगट दुखंल.

गोजरबाई: आधी नळ काढायचे, मग मला काढायची. क्रम बरा लावलाय माझ्या लेकानं.

मच्छिंद्र: असं नका बोलू. तो काय तुमच्या वाईटावर हाय का?

गोजरबाई: मी कुठं तसं म्हटलं? संध्याकाळी गाडी घेऊन येतोय मला न्यायला. नगरला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. सून रेश्मा दवाखान्यात कामाला, हा कंपनीत. दिवसभर मी अन् दाराची कडी. इथं सोनईत ओट्यावर बसलं तर चार माणसं दिसतात तरी.

मच्छिंद्र: दिसतात अन् बोलतात बी.

गोजरबाई: व्हय. बोलतात बी.

मच्छिंद्र: शेजारचा अजिनाथ बोलतो का आता?

गोजरबाई: त्याचं नाव काढू नको. मागच्या महिन्यापासून तोंड फिरवून जातो. त्याचं बी खरंय. आपल्या न्हाणीचं पाणी भिंतीखालून त्याच्या कांदाचाळीत गेलं, खालच्या थरातला कांदा सगळा भिजला. वास सुटला तवा त्याला कळलं. भिजलेला कांदा काय टिकतो का?

मच्छिंद्र: न्हाणीतला नळ चालू राहिला होता ना?

गोजरबाई: माझ्याच हातनं. माघात एकदा राहिला, तवा नुसतं घर भिजलं. दुसऱ्यांदा हे असं. सुनील म्हणला, आई, तुला इसर पडायला लागलाय. उद्या गॅस चालू राहिला तर?

मच्छिंद्र: डॉक्टरला दाखवलं का?

गोजरबाई: नगरला नेलं होतं. तो डॉक्टर तोंडाला फडकं बांधून बसलेला. बरंच काय काय इचारलं त्यानं. मी निम्म्या गोष्टींना उत्तरच दिलं न्हाई.

मच्छिंद्र: का बरं?

गोजरबाई: न्हाई दिलं. मग बाहेर आल्यावर सुनीलनं सांगितलं, डॉक्टर म्हणला, ही इसरायची सुरुवात असंल, एकटं ठेवू नका. तिथनंच पुढं हे भाडेकरू अन् हे नळ.

मच्छिंद्र: मी आधी तो न्हाणीतला नळ खोलून आणतो. माझ्या मनात एक शंका हाय.

गोजरबाई: आण. तुझी शंका तरी बघू कशी दिसती.

मच्छिंद्र: हे बघा, अशा समोर या. ही वरची चावी. हिच्या टोकाला हे रबराचं गोल वायसर. चावी पिळली की वायसर खाली बसतं अन् पाण्याचं तोंड बंद होतं. वायसर झिजलं की कितीबी पिळा, धार राहतीच. मला वाटलं, वायसरच गेलं असंल. म्हंजे तुमचा दोष न्हाई, रबराचा दोष.

गोजरबाई: अन् गेलंय का?

मच्छिंद्र: न्हाई ना. चांगलं हाय. दोन वर्षांखाली मीच बसवलंय. आटे बी शाबूत हायेत. खोटं कसं सांगू?

गोजरबाई: मग इसरच म्हणायचा.

मच्छिंद्र: थांबा, घाई नका करू. त्या दिवशी तुमी नळ उघडला, तवा पाणी आलं का लगेच?

गोजरबाई: कुठलं? ठणठणीत कोरडा.

मच्छिंद्र: मग परत बंद का न्हाई केला?

गोजरबाई: तू सोनईचाच ना रे? गावाला चार दिसाआड पाणी. नळ बंद ठेवला तर पाणी आलेलं कळंल कसं? उघडा ठेवायचा अन् खाली पत्र्याची बादली लावायची. पाणी आलं की बादली वाजती. बादली वाजली की हातातलं काम टाकून पळायचं. चाळीस वर्षं असंच पाणी भरलंय मी. तुझी आई काय येगळं करायची?

मच्छिंद्र: तेच करायची. माझी बायको बी तेच करती. पाण्याच्या दिवशी सगळ्या गल्लीत बादल्या वाजतात.

गोजरबाई: मग मलाच का इचारतोस?

मच्छिंद्र: कारण मला सापडलं आता. मावशी, आधी तुमचा नळ सरळ गावाच्या लाइनीवर होता. पाणी तासभर यायचं अन् जायचं. दिवाळीत सुनीलनं वर टाकी बसवली. मोटरला ते आपोआप चालू व्हायचं यंत्र लावलं. टाकी रिकामी झाली की मोटर आपली आपण हौदातलं पाणी वर चढवती. म्हंजे तुमी कोरडा नळ उघडा सोडला, मग गावाचं पाणी हौदात आलं, मोटरनं वर टाकी भरली, अन् सगळी टाकी, सगळा हौद त्या एका नळातनं खाली आला. तुमी इसरला न्हाई. तुमी जुन्या रीतीनं वागला.

गोजरबाई: असं होय?

मच्छिंद्र: असंच. ही चूक फक्त पाण्याची वाट बघत जगलेल्या माणसाची. मी सांगतो सुनीलला.

गोजरबाई: सांगशील? नीट समजावून सांग. त्याला माझं पटत न्हाई, तुझं पटंल.

मच्छिंद्र: सांगतो की. तोवर हा जुना नळ परत जागेवर लावून बघतो. तुमी बसा इथं, भाजी निवडा.

गोजरबाई: मेथी हाय. घरी घेऊन जा एक जुडी. मी तर चालले.

मच्छिंद्र: मावशी, तो मोठा पान्हा द्या जरा आत. पिशवीजवळ पडलाय. मावशी? ओ मावशी. तुमच्या उजव्या हाताला हाय बघा, पान्हा. मावशी, ऐकलं का?

(मच्छिंद्र स्वतःच बाहेर येऊन पान्हा नेतो. बऱ्याच वेळाने येऊन गोजरबाईसमोर जमिनीवर बसतो.)

गोजरबाई: झालं का लावून?

मच्छिंद्र: झालं. मावशी, त्या दिवशी पत्र्याची बादली लावली होती ना खाली?

गोजरबाई: लावली होती.

मच्छिंद्र: मग ती वाजली असंल.

गोजरबाई: असंल.

मच्छिंद्र: तुमी कुठं होता?

गोजरबाई: इथंच. आत्ता बसलीय तिथं.

मच्छिंद्र: मी आता आतला नळ पूर्ण सोडून आलोय. खाली तीच बादली हाय.

गोजरबाई: कधी?

मच्छिंद्र: बराच वेळ झाला. तुमची अर्धी जुडी निवडून झाली.

गोजरबाई: बंद करून ये आधी. पाणी वाया चाललंय.

मच्छिंद्र: बादली भरायच्या आत बंद केला. पण पत्रा लई वाजला हो.

गोजरबाई: परीक्षा घेतोस व्हय रे माझी? माझ्याच घरात?

मच्छिंद्र: रागवा. पण किती दिवस झाले ते सांगा.

गोजरबाई: दोन वर्षं. डावा आधी गेला. उजव्यात थोडं हाय अजून. माणूस समोर असला, तोंड दिसलं, की कळतं. अर्धं ऐकते, अर्धं बघते. तुझं सगळं कळतं, तू सावकाश बोलतोस.

मच्छिंद्र: म्हणून त्या डॉक्टरचं कळलं न्हाई. तोंड झाकलेलं.

गोजरबाई: सुनीलला सांगू नको.

मच्छिंद्र: अहो, कानाचं यंत्र मिळतं. इसरण्याला काय मिळतं?

गोजरबाई: यंत्र ह्यांनाबी आणलं होतं. कानात शिट्टी वाजायची म्हणून खिशात ठेवायचे. तुला माहीत हाय ना, ह्यांना शेवटी काहीच ऐकू यायचं न्हाई?

मच्छिंद्र: माहीत हाय. चौकात भेटले की नुसते हसायचे.

गोजरबाई: आधी आमी मोठ्यानं बोलायचो. मग दमलो. जेवताना पोरं हसली की हे इचारायचे, काय झालं? मी म्हणायची, काही न्हाई. परत इचारायचे. मी परत म्हणायची, काही न्हाई, जेवा तुमी. मग त्यांनी इचारायचंच सोडलं. सहा वर्षं माणूस भिंतीला टेकून बसला. गावानं न्हाई त्यांना तोडलं, मच्छिंद्र. मी तोडलं. ताटाला ताट लावून बसायची अन् एक शब्द बोलायची न्हाई.

मच्छिंद्र: घरातली कामं, पोरंबाळं. दमतो माणूस.

गोजरबाई: दमतो. म्हणूनच भ्या वाटतं. इसरभोळ्या म्हातारीला लोक दोनदा सांगतात. बहिरीला एकदाबी सांगत न्हाईत. तू बादलीचं सांग. कानाचं नको. शब्द दे.

मच्छिंद्र: दिला. पण तुमी चूक करताय.

गोजरबाई: करू दे.

मच्छिंद्र: मग ह्या नव्या नळाकडं बघा तरी. ह्याला चावी न्हाई, दांडी हाय. पाव फेरा फिरवायचा. दांडी आडवी, म्हंजे बंद. दांडी सरळ, म्हंजे चालू. तुमचा पितळी नळ कोरडा असताना उघडा हाय का बंद, ते बघून कळतं का?

गोजरबाई: न्हाई. हात लावावा लागतो.

मच्छिंद्र: न्हाई तर कान. ह्याला दोन्ही नको. दारातनं बघितलं तरी कळतं. फिरवून बघा. आता कसा हाय?

गोजरबाई: चालू.

मच्छिंद्र: आता?

गोजरबाई: बंद. शाळेतल्या पोरीला शिकवतोस का मला? हे मला कशाला दाखवतोस? बँकवाल्यासाठी आणलेत ते.

मच्छिंद्र: कुणासाठी आणलेत, ते नळाला कुठं ठाऊक असतं? ही बघा, गाडी आली वाटतं.

सुनील: मच्छिंद्रदादा, अजून एकही नळ बसलेला दिसत नाही. सकाळपासून काय केलंत? आई, तुझं आवरलं ना? अंधार पडायच्या आत निघू.

मच्छिंद्र: सुनील, जरा बस. मला तुला एक दाखवायचंय. आई इसरली न्हाई रे.

सुनील: दादा, दोनदा घर भरलं पाण्यानं.

मच्छिंद्र: ऐक तर. नळ कोरडा होता. पाणी आलं की कळावं म्हणून तिनं उघडा ठेवला, खाली बादली लावली. तुझ्या लहानपणी तूच पळायचास ना बादली वाजली की? आता वर टाकी हाय, मोटर आपोआप चालू होती, हे तिच्या हाताच्या सवयीत अजून बसलंच न्हाई. डोकं जागेवर हाय तिचं.

सुनील: हे मला कुणी सांगितलंच नाही. आई, असं होतं का?

गोजरबाई: असंच होतं.

सुनील: मग ते यंत्र लावलं ती माझी चूक. एवढं समजावून सांगायला हवं होतं मी. पण दादा, बादली होती म्हणता ना? पत्र्याची?

मच्छिंद्र: व्हय.

सुनील: मग ती वाजली. आई याच खोलीत होती. दोन तास. पाणी उंबऱ्याला लागलं, तेव्हा ही उठली. नळ उघडा ठेवला ते सवयीनं, मान्य. पण बादली वाजत असताना माणूस दोन तास बसून राहतो, ते कशानं? हे सांगा मला.

मच्छिंद्र: ते मला नको इचारू.

सुनील: मग कुणाला विचारू? आत्ता तर सगळं माहीत असल्यासारखं बोलत होतात. आई, तू सांग. बादली लावलीय हेच आठवलं नाही का तुला?

गोजरबाई: न्हाई आठवलं. असंच धर.

सुनील: असंच धर म्हणजे? तुला कळतंय का माझं काय होतं ते? कंपनीतून फोन करतो, तू उचलत नाहीस. परवा सोळा वेळा केला. शेवटी रेश्माला म्हटलं, मी निघतो सोनईला. तेवढ्यात तू आपली आपण फोन केलास, जेवलास का म्हणून. मला रडायलाच आलं. तुला इथं एकटी ठेवून मी मशीनवर उभा राहू शकत नाही, आई.

मच्छिंद्र: मावशी, मी शब्द दिलाय. मोडणार न्हाई. पण तुमी बोला. न्हाई तर हे लेकरू भलत्याच दुखण्याला भीत बसंल.

सुनील: कसला शब्द?

गोजरबाई: फोन वाजत असंल, सुनील. बादलीबी वाजली असंल. मला ऐकू आलं न्हाई.

सुनील: लक्ष नव्हतं तुझं?

गोजरबाई: लक्ष होतं. कान न्हाईत. तुझ्या अण्णांसारखं. दोन वर्षं झाली.

सुनील: दोन वर्षं. आणि डॉक्टरसमोर मी तुझ्याशेजारी बसलो होतो. एका शब्दानं सांगितलं नाहीस.

गोजरबाई: अण्णांचं आपण काय केलं, आठवतं का तुला?

सुनील: आठवतं.

गोजरबाई: तूबी म्हणायचास. काही न्हाई, अण्णा.

सुनील: आठवतं म्हटलं ना.

मच्छिंद्र: असू दे रे. कुठं चाललास? दारात का उभा राहिलास असा?

सुनील: त्या बँकेतल्या माणसाला काय सांगू मी आता, दादा?

मच्छिंद्र: सांग, घर रिकामं न्हाई.

सुनील: आणि कान तपासले, यंत्र घेतलं, आणि हिनंही ते काढून ठेवलं तर? रोज ओरडून बोलायचा मलाच कंटाळा आला तर, दादा? अण्णांचा आला होता.

गोजरबाई: सुनील, रस्त्याकडं बघून काय बोलतोस? इकडं तोंड कर, अन् परत सांग.