झिणझिण्यांचा निकाल

ताई : अगं, हसतेस काय? जिना तरी उतर, डॉक्टरांना ऐकू जाईल!

धाकटी : पण ताई, ओठांची ती झिणझिण म्हणजे प्रेम नव्हतं? खरबूज होतं?

ताई : खरबूज आणि गाजरगवत, दोघांनी मिळून. आपल्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर माजलंय ना, त्याचे परागकण नाकात जातात म्हणून तू दिवसभर शिंकतेस. त्या परागकणांत जे असतं, तसलंच काहीतरी खरबुजात, केळ्यात, काकडीत असतं. तुझ्या अंगाला वाटतं, आला परत तोच मेला! की लागले ओठ झिणझिणायला.

धाकटी : पण मी खरबूज खातच नाही!

ताई : तू नाही, तुझा फळवाला खातो. गिऱ्हाइकाला फोड द्यायच्या आधी प्रत्येक खरबूज स्वतः चाखतो. दुकान बंद करून तसाच तुला भेटायला येतो. आणि मग तुम्ही दोघं... सांगू पुढचं?

धाकटी : हळू बोल गं! आणि मी मूर्ख, त्या सांगून आलेल्या बँकवाल्याला नकार दिला. का, तर त्याचा मुका घेतला आणि ओठ आपले ढिम्म.

ताई : काय? बँकवाल्याचासुद्धा?

धाकटी : एकदाच! तुलना नको का करायला?

ताई : धन्य आहेस बाई.

धाकटी : ताई, हसण्यावारी नेऊ नकोस. उद्या तो आईबाबांना भेटायला येणार, आणि आज मला त्याला हो की नाही ते सांगायचंय. मला तो आवडतो की त्याचा माल, तेच कळेनासं झालंय.

ताई : मग बघ की करून. त्याला फोन कर. म्हणावं आज काही चाखू नकोस, आणि दात घासून ठेव.

धाकटी : आणि काहीच वाटलं नाही तर? कुठल्या तोंडानं सांगू त्याला? मला रडू येईल गं.

(संध्याकाळ. फळांच्या दुकानाची मागची खोली. ताई बाहेर गल्ल्यावर बसली आहे.)

फळवाला : सकाळपासून एक फोड तोंडात घातली नाही. गिऱ्हाइकं घाबरली. एक आजोबा म्हणाले, तूच खात नाहीस म्हणजे नक्की काहीतरी फवारलंयस. दात घासून घासून हिरड्या सोलल्यात माझ्या.

धाकटी : मग... ये असा जवळ.

ताई : आवरा लवकर! इथे एक काकू काकड्या मोडून बघतायत!

फळवाला : मोडू देत!

ताई : झालं का? अहो, कुणीतरी बोला! जिवंत आहात ना?

फळवाला : हं, सांग. काय झालं?

धाकटी : काही नाही.

फळवाला : काहीच नाही?

धाकटी : झिणझिण नाही, खाज नाही. ओठ अगदी गार.

फळवाला : मग नाही म्हण. मला चालेल. म्हणजे चालणार नाही, पण तू म्हण. नाहीतर थांब, पटकन अर्धं खरबूज खाऊन येतो.

धाकटी : वेड लागलंय का तुला? डॉक्टर म्हणालेत, घसा आवळायला लागला तर धावत या!

फळवाला : नको नको! मग राहू दे. तुला काही व्हायला नको. मी असाच बरा, चव नसलेला.

धाकटी : अरे, तू थरथरतोयस.

फळवाला : दुपारपासून. एकाला त्यानं मागितली त्याच्या दुप्पट केळी दिली. म्हातारा पिशवी घेऊन पळतच सुटला.

धाकटी : हसवू नकोस रे. माझ्या छातीत नुसतं धडधडतंय.

फळवाला : अगं बाई! काकडी खाल्लीस का कुठे? ताईऽ, रिक्षा बोलवा! डॉक्टर!

धाकटी : ताई, बस खाली! काही नको बोलवू. मला काहीही झालेलं नाही. अरे, सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही मी.

फळवाला : मग हे धडधडणं कशाचं?

धाकटी : तुला रे काय वाटतं कशाचं?

फळवाला : मी फळं विकतो. मला काय कळणार.

धाकटी : उद्या घरी येशील ना, तेव्हा काही आणू नकोस. नुसता तू ये.