गळ्यातला दुपट्टा

— बस ना, प्रफुल्ल बाबू, आलं ठेचून राहिली, उकळू दे जरासा. तुह्या कारखान्याचा बर्फ काही पळून नाही जात. आज दुपट्टा नाही गळ्यात? एवढ्या उन्हात? राह्यला असन खोलीवर. कोंढ्याचा ना तू? मंग तुले काय मालूम, ह्या सानगडीच्या रोडवर काय काय झालं ते. आतमंदी, पडद्यामांगं, खाटेवर बसले हायेत ना — तेच सोमाजी, माहे मालक. तुह्याच जागेवर होते. तुहीच मशीन. मॅनेजरनं सांगतलं का तुले? नाही ना? काहून सांगन तो? धोक्याचा बोर्ड लावला म्हने नवा, लाल अक्षराचा, तेवढ्यात त्याचं काम झालं.

मले मशीनचं काय समजते — पन घरात रोज तेच ऐकलं मी. तलावाच्या मासोळीले बर्फ लागते, बर्फाले अमोनिया लागते, अन् मशीनचं तेल त्या अमोनियासंग वाहत जाऊन खाली टाकीत साचते. ते काढा लागते. खालची चावी, तो व्हॉल्व, खोलायची, तेल येऊ द्याचं, अन् तेल सरलं का लगेच बंद — नाही त मांगून गॅसच येते. बराबर ना? पयले साधी चावी होती, खोलली का खुल्लीच राहे. आता स्प्रिंगची बसवली, हात सोडला का आपोआप बंद. कोनाच्या डोळ्यापायी बसवली? आमच्या. त्यायचे डोळे गेले तवा सेठले स्प्रिंग सुचली. आंधी सुचली असती त काय बिघडलं असतं त्याचं?

मी समद्यायले सांगते, पाइप फुटला. जुना पाइप, सेठची चूक. तूही तेच ऐकलं असन. पाइप — हळू बोलते हं, कान लय तिखट झाले त्यायचे — पाइप नाही फुटला, बाबू. तेल घट्ट, धार बारीक, बसून बसून हे कटाळले, चावी तशीच खुल्ली ठेवली अन् इथं आले. ह्याच बाकड्यावर, तू बसला तिथंच. मीच चहा देल्ला. अर्धा पेला झाला अन् वास आला. लोकं बाहेर पळून राहिले, अन् हे आत. चावी बंद कराले. मास्क कुठं? ऑफिसात, कपाटात, कुलूप लावून. चावी बंद केली खरी त्यायनं. लोकं शाबासकी देते. मले राग येते. अजून येते. भाताचा घास हातात देते अन् राग येते — चहा काय पळून चालला होता? मीच नेऊन देल्ला असता ना गेटवर. मंग वाटते, ज्याले दिसत नाही त्याच्यावर कायले रागवावं, अन् आनखी राग येते.

घे, गरम हाये. आज लवकर सुटला तू. सकाळी त म्हनत होता, तेल काढाचं हाये, टाइम लागन. झालं वाटते — नाही झालं? धार चालू हाये? मंग तिथं कोन हाये, तुह्यासंगचा मोनू? मोनू त आताच इथून सायकलनं गेला, बिडी घेऊन.

कोनीच नाही?

मंग स्प्रिंगची चावी धरली कोनं, बाबू? हात त तुहे दोन्ही इथं हायेत. एका हातात पेला, एक मांडीवर.

दुपट्टा कुठं हाये तुहा?

खाली पाहू नोको. माह्याकडे पाह्य. बांधला ना? त्या स्प्रिंगले दुपट्ट्यानं बांधून आला तू. समदेच बांधते म्हनतो? त्यायनं डोळे गमावून ते स्प्रिंग आनली रे, अन् तू तिले गाठ मारून चहा प्याले आला.

ठेव पेला. ठेव म्हनलं ना. वास नाही आला आतावरी, ऊठ. वास आला त आत पाय नोको टाकू, समद्यायले बाहेर काढ अन् मॅनेजरले बोलाव. नाही आला त गाठ सोड. पैसे नोको मले. जा तू.

चहा झाकून ठेवते मी. दुपट्टा गळ्यात घालून आला तरच भेटन.