लोखंड्याचं पाऊल

ताई : हा बूट मी घालणार नाही.

भाऊ : नुसता घालून तर बघ. तुझ्याच मापाचा करून घेतलाय.

ताई : तेच विचारतेय. माप मिळालं कुठून?

भाऊ : दाराबाहेरची तुझी जुनी चप्पल नेली होती. एका दिवसापुरती.

ताई : ती चप्पल मी घरभर शोधली. शेजारणीच्या कुत्र्यावर आळ घेतला. चार दिवस झाले, आमचं बोलणं बंद आहे.

भाऊ : मी सांगतो शेजारणीला.

ताई : तिचं मी बघेन. डाव्या बुटाचा तळ दोन बोटं जाड केलायस, त्याचं आधी बोल. मी आठ वर्षांची असताना आईने असाच एक जोड आणला होता. काय केलं होतं मी त्याचं?

भाऊ : पाण्याच्या टाकीत टाकलास. आठवडाभर चहाला चामड्याचा वास येत होता.

ताई : एवढं आठवतंय, तरी साठीला टेकल्यावर मला पुन्हा तेच दाखवतोस?

भाऊ : कामासाठी गं. तासाभराचं काम, पावलांचा आवाज घ्यायचा. या खडीच्या पेटीत चालायचं, मग त्या लोखंडी पत्र्यावर. मागे दोनदा चाललीस, तस्संच. फक्त या बुटांनी.

ताई : दोन्ही वेळा तुझ्या त्या खिळे ठोकलेल्या बुटांनी चालले. तेव्हा कोणाची तक्रार नव्हती.

भाऊ : कंपनीला आता जरा निराळं हवंय.

ताई : खुडबुड्या, खोटं बोलायला लागलास की तू कानाची पाळी ओढतोस. लाल झालीय बघ. आणि ते कागद कसले सरकवतोयस त्या पेटीखाली?

भाऊ : प्रेक्षकांची मतं आहेत. तो लोखंड्याचा नवा चित्रपट आता डिस्कवर आला ना, घरी बघायला. लोकांनी लिहिलंय त्यावर. कंपनीने पाठवलं.

ताई : मी तो बघितलाच नाही.

भाऊ : पहिल्यात हा यंत्रमानव लोखंड्या त्या ओसाड ग्रहावर एकटा राखण करत असतो. यात त्याच्या आधीची गोष्ट आहे. तो बनला कसा, तिथे पोहोचला कसा, खाण कोसळली कशी. थिएटरात लोकांनी धुतला. निम्मे म्हणाले, काय गरज होती. निम्मे म्हणाले, हाच खरा. घरोघरी भांडणं लागली म्हणे.

ताई : आण इकडे. आणि तो चष्मा दे. हं. ‘थिएटरात झोप लागली होती. घरी जागा राहिलो आणि कळलं, झोपलो तेच बरं होतं.’ हा माणूस मजेशीर आहे.

भाऊ : तो सगळीकडे हेच लिहितो.

ताई : ‘कोणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर, तेही सव्वादोन तास.’ बरं. ‘डिस्कची डबी फुटकी आली, म्हणून एक तारा.’ याचा चित्रपटाशी काय संबंध?

भाऊ : तो तारासुद्धा सरासरीत धरतात.

ताई : ‘ग्रहावर हवा नाही, मग आवाज येतो कसा?’

भाऊ : बोगद्यात हवा आहे. सातव्या मिनिटाला सांगितलंय. लोक चहा करायला उठतात आणि मग हे लिहितात.

ताई : ‘माझ्या मुलीने तीन वेळा बघितला. चौथ्यांदा मी शेजारी बसलो. का कोण जाणे, पहिल्यापेक्षा हा जास्त आपला वाटला.’ किती साधं लिहिलंय. आणि इथे लाल पेन्सिलीने खूण कोणी केली?

भाऊ : ते राहू दे.

ताई : ‘हेडफोन लावून ऐका. बाविसाव्या मिनिटाला लोखंड्या अंधाऱ्या बोगद्यातून चालतो. ठक्, ठ-ठक्. लंगडतोय. अहो, खाण कोसळते शहाण्णवाव्या मिनिटाला. पाय तेव्हा जातो. मग हा आधीपासूनच लंगडा कसा? आवाजवाल्याने जुनंच रेकॉर्डिंग चिकटवून पैसे घेतले.’

भाऊ : जुनं नाही चिकटवलं. पुन्हा तुला चालवलं, पुन्हा चौदा वेळा घेतलं.

ताई : खाली आणखी साठ जणांनी त्यालाच धरून लिहिलंय. ‘आवाजवाले काका बहिरे झालेत.’ ‘काकांना आता घरी बसवा.’

भाऊ : कंपनीही तेच म्हणतेय, फक्त शब्द गोड आहेत. डिस्कची दुसरी खेप छापायला जातेय. त्याआधी पावलं सरळ करून द्या, नाहीतर आम्ही दुसऱ्या कोणाकडून करून घेतो. संध्याकाळपर्यंत कळवायचंय.

ताई : म्हणून हा बूट.

भाऊ : दुसऱ्या कोणाचं पाऊल लावायला हात धजेना. म्हटलं, पाऊल तुझंच राहील, नुसतं जरा...

ताई : सरळ.

भाऊ : हो.

ताई : वीस वर्षं एक गोष्ट पोटात ठेवलीय. आज बोलते. पहिला चित्रपट लागला, तेव्हा तू मला हौसेने सगळ्यांच्या मधोमध बसवलंस. पडद्यावर लोखंड्या चालायला लागला, माझीच पावलं वाजली, आणि त्यातला तो इंजिनियर म्हणाला, ‘खाणीत पाय गेला याचा.’ तेव्हा कळलं. लंगडं यंत्र हवं होतं, म्हणून भावाला बहीण आठवली.

भाऊ : तू डोकं दुखतंय म्हणून उठलीस.

ताई : डोकं नव्हतं दुखत.

भाऊ : मग दुसऱ्यांदा का आलीस? या नव्यासाठी?

ताई : तू बोलावलंस म्हणून. तुझं काम अडू नये म्हणून. जन्मभर मी बसून करायचं काम शोधलं, लोकांचे कपडे घट्ट-सैल करत राहिले. रस्त्यात मागून कोणी आलं की दुकानाच्या काचेत बघायचं नाटक करते, त्यांना पुढे जाऊ देते. आणि सख्खा भाऊ माझं तेवढंच उचलून पडद्यावर लावतो. आता ते अडचणीचं झालं, तर बूट घेऊन उभा.

भाऊ : मी लंगडं पाऊल मागितलं नव्हतं.

ताई : मग काय मागितलं होतंस?

भाऊ : पाऊल. लोखंड्याला पाऊल हवं होतं. नेहमीच्या माणसाला चालवून बघितलं, एका कुस्तीगीराला चालवलं. सगळं खोटं वाजत होतं. मग तू डबा घेऊन आलीस या दारातून, आणि मी म्हटलं, हे.

ताई : आणि तुला ऐकू आलं नाही? ओल्या खडीचा आणि कोरड्या खडीचा आवाज भिंतीपलीकडून ओळखतोस, आणि बहीण लंगडते हे कळलं नाही?

भाऊ : तू लंगडतेस हे माहीत आहे, डोळ्यांनी दिसतं. कानाला नाही कळत. कसं सांगू तुला. आई पाळीवर जायची, मला बाहेरून कुलूप. तू शिवणाच्या क्लासहून येईपर्यंत मी अंधारात दाराला कान लावून बसायचो. जिन्यात शंभर पावलं वाजायची. तुझं वाजलं की माझी भीती जायची. मी ऐकायला शिकलो तेच तुझ्या पावलावर, ताई. पाऊल म्हटलं की माझ्या कानाला तेच येतं. बाकीच्यांची सरळ चालतात ना, तीच मला काहीतरी राहून गेल्यासारखी वाटतात.

ताई : हे आजवर कधी बोलला नाहीस.

भाऊ : पंधरा दिवसांपूर्वी हे कागद आले, तेव्हा मलाच कळलं. त्या माणसाने ठक्, ठ-ठक् लिहिलंय, ते मी इथे दहा वेळा टेबलावर वाजवून बघितलं. म्हटलं, खरंच की. मग लाज वाटली. ती चुकीची नाही, तुझ्यापुढे. लोक हसतील तुझ्या पायाला, आणि कारण मी.

ताई : हसलंय का कोणी? मी एवढं वाचलं, तुला शिव्या आहेत, लोखंड्याला कोणी हसलेलं नाही. हे पान वाचलंस? तिकडे खुणा नाहीत, म्हणजे वाचलं नसशील. ‘चूक कसली? तो पहिल्यापासून तसाच होता. पाय खाणीत गेला हे माणसांनी रचलं, कारण त्यांना कारण लागतं. माझा धाकटा असा जन्मला. बाविसाव्या मिनिटाला तो उठून पडद्याजवळ जाऊन उभा राहिला.’

भाऊ : हे नव्हतं वाचलं.

ताई : ते हेडफोन दे. बाविसावं मिनिट लाव.

(ती हेडफोन लावून ऐकते, मग पुन्हा एकदा ऐकते.)

ताई : पुन्हा लाव.

भाऊ : तिसऱ्यांदा झालं.

ताई : कोणीतरी चाललंय असं वाटतं. लांब जायचंय आणि घाई नाही, असं. हे असं ऐकू येतं बाहेरून?

भाऊ : मला तर कायम असंच ऐकू येतं.

ताई : फोन वाजतोय तुझा. उचल.

भाऊ : या नव्या चित्रपटाच्या दिग्दर्शिकेचा आहे. तीही हेच विचारणार.

ताई : मोठ्याने लाव. मलाही ऐकू दे.

दिग्दर्शिका : काका, केलं नाही ना अजून काही? पावलं बदलली नाहीत ना?

भाऊ : नाही. बोलणंच चाललंय.

दिग्दर्शिका : थांबा मग, हात लावू नका. म्हणजे ऐका आधी. काल एका बाईंचं मत वाचलं, तो पहिल्यापासून तसाच होता म्हणून. मला झोपच लागली नाही. सकाळी कंपनीच्या गोदामात जाऊन पहिल्या चित्रपटाची मूळ संहिता शोधून काढली. काका, त्यात लोखंड्याचा पाय चांगला आहे. लंगडतो असं एकाही पानावर नाही.

ताई : नाही?

दिग्दर्शिका : कोण बोलतंय?

भाऊ : माझी बहीण आहे. तू पुढे बोल.

दिग्दर्शिका : नमस्कार. तर म्हणजे, संहितेत काहीच नाही. मग काकांकडून पावलांचा आवाज गेला आणि जुन्या दिग्दर्शकांनी समासात पेन्सिलीने लिहिलंय, ‘याच्या पायाला काहीतरी झालंय. कुठे? केव्हा? शोधणे.’ दोन दिवसांनी ती ओळ आली, खाणीत पाय गेला याचा. पावलं ऐकून लिहिली त्यांनी. आणि त्या एका ओळीवरून मी अख्खा चित्रपट केला आणि देशभरच्या शिव्या खाल्ल्या.

ताई : म्हणजे आधी पाऊल आलं.

दिग्दर्शिका : आधी पाऊल आलं. खाण नंतर. मी खाण खरी मानली आणि पाऊल चुकीचं. उलटं होतं. त्या बाईंना ते घरी बसून कळलं, मला दोन वर्षं शूटिंग करून कळलं नाही. काका, पावलं आहेत तशीच राहू देत. कंपनीशी मी भांडते. फक्त मला एक सांगा, तुम्ही तेव्हा मुद्दाम तसा आवाज घेतला होता? कशाने केला होता?

भाऊ : ते... (फोनवर हात ठेवून) ताई, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. तुझं नाव येणार नाही.

ताई : मुद्दाम नव्हता केला. माझ्या भावाला ते लंगडं वाटलंच नाही, म्हणून आला तो आवाज. पाऊल माझं आहे. माझा डावा पाय आखूड आहे, जन्मापासून.

दिग्दर्शिका : तुमचं? दोन्ही चित्रपटांत?

ताई : दोन्ही. वीस वर्षं मला वाटत होतं, याने मला पायासाठी बोलावलं. आत्ता तुमच्या तोंडून कळलं, तसं नव्हतं. जरा थांबा हं, मला डोळे पुसू दे. चष्मा याचा आहे, काचा खराब होतील.

भाऊ : होऊ देत.

दिग्दर्शिका : ताई, एक विचारू? राग मानू नका. दुसरी खेप निघण्याआधी येत्या शनिवारी आम्ही प्रेक्षकांना बोलावलंय. ज्यांनी लिहिलं ते सगळे, शिव्या देणारेही. ते बाविसावं मिनिट दाखवणार आणि बोलणार. तुम्ही याल? तो मुलगाही येणार आहे आईबरोबर.

भाऊ : तिला असं पुढे जाऊन उभं राहायला आवडत नाही. शाळेचं बक्षीससुद्धा मी जाऊन घेतलं होतं तिचं.

ताई : तू थांब रे. मुलगा केवढा आहे?

दिग्दर्शिका : सहा-सात वर्षांचा.

ताई : आणि मला बोलावणार कुठून? बसलेल्या जागेवरून, की दारातून?

दिग्दर्शिका : तुम्हाला सोयीचं असेल तसं. आधीच खुर्चीत बसवू हवं तर, सगळे यायच्या आत.

ताई : नको. सगळे बसले की येईन. दारापासून तुमच्या त्या स्टेजपर्यंत जमीन कसली आहे?

दिग्दर्शिका : लाकडी आहे. जुनी फळ्यांची. आवाज फार होतो, म्हणून कार्यक्रमाला आम्ही वरून जाजम टाकतो.

ताई : शनिवारी टाकू नका.